लेखक केवळ मातीवर वाढत नाही

खान्देशातील साहित्यिकांना ‘मातीतले लेखक’ म्हणण्याचा प्रघात आहे. गौरवाचे असले तरी हे विशेषण अपुरे आहे आणि लिहू पाहणाऱ्या तरुणांची ते दिशाभूल करते. माती गावातल्या सगळ्यांच्याच वाट्याला येते. लेखक तिच्यापलीकडे बरेच काही कमावतो.

भालचंद्र नेमाडे १९३८ मध्ये रावेरशेजारच्या यावल तालुक्यात, सांगवीला जन्मले. पुण्यात शिकले, आयुष्यभर इंग्रजी शिकवले, काही काळ लंडनलाही अध्यापन केले. त्यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचे नाते अनेकांनी अमेरिकन लेखक सॅलिंजरशी जोडले. पण तिची आखूड, बोलती, नटवेपणा टाळणारी वाक्ये तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’कडे बोट दाखवतात. म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना प्रसंग आणि संवाद तेवढे ठेवले, वर्णनाचा फापटपसारा केला नाही. हे महानुभाव गद्य, तुकोबांचे अभंग आणि जगभरची कादंबरी पचवल्यावर नेमाड्यांचा देशीवाद, म्हणजे आपल्याच परंपरेत रुजलेल्या साहित्याचा आग्रह, उभा राहिला. तो इंग्रजीच्या प्राध्यापकाने मांडला, यात काहीच विसंगत नाही. त्यांच्या ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीचा नायक तर पुरातत्त्वाचा संशोधक आहे, गावाच्या गोष्टीला मोहेंजोदडोच्या उत्खननाची खोली तिथूनच मिळते.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून त्यांची कविता आपोआप उगवली असे समजले जाते. प्रत्यक्षात जात्यावरची ओवी, कीर्तन, कानावर पडलेल्या पोथ्या ही त्यांची शाळाच होती. त्यांची आठ अक्षरांची ओळ जात्याच्या फेऱ्यात सहज बसते. ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी घडवलेली आहे. मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्याच कवीने ती जपली, आचार्य अत्र्यांनी तिचे मोल ओळखले, म्हणून १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या निधनानंतर वर्षभराने, ती पुस्तकरूपात आली. अजिंठ्याच्या परिसरातील ना. धों. महानोरांनी ‘जैत रे जैत’ या चित्रपटासाठी लिहिलेल्या गीतांतही लोकगीताची चाल कवितेला बळ देते.

पण ही शाळा आता मोडत आहे. आज दळण जात्याऐवजी गिरणीवर जाते. बहिणाबाईंच्या लेवा बोलीतल्या ओव्या थोड्याच वृद्धांच्या तोंडी उरल्या आहेत आणि वहीगायन या लोकगायनाचे फडही विरळ होत चालले आहेत. रावेर तालुक्यातील महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी हे गाणे आताच ध्वनिमुद्रित करावे. त्या ध्वनिमुद्रणांच्याच कपाटात ‘लीळाचरित्र’ आणि अनुवादित कादंबऱ्याही ठेवाव्यात.

— एक वाचक, रावेर