यार्डातून पिल्लू आणायचं तर थोडं मोठं आणा



पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा खाली झाला, पट्टी हातात पडली, की आपल्यातले पुष्कळ जण परतीच्या गाडीत काहीतरी टाकून आणतात. कुणी बारदान, कुणी रिकामे क्रेट, आणि कुणी गाळ्यामागं सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू. यंदा आमच्या शिवारात अशी तीन पिल्लं आली. तिन्ही महिन्याच्या आतबाहेरची. त्यातली दोन पंधरा दिवसांत मेली. म्हणून आज स्पष्ट लिहितोय.

तिथंच शेजारी तीन-चार महिन्यांचं, अंगानं भरलेलं पिल्लू फिरत असतं. ते कुणी उचलत नाही. का? तर "लहानपणापासून आणलं की लळा लागतो, मोठं आपलं होत नाही." हे वाक्य बापजाद्यांपासून ऐकतोय आणि ते अर्धंच खरं आहे.

कांद्याचं रोप ४५-५० दिवसांचं झाल्याशिवाय आपण उपटतो का? वासराला चीक पाजल्याशिवाय गाईपासून तोडतो का? मग महिन्याचं पिल्लू आईच्या अंगावरून का ओढायचं? त्याला तेव्हा कुठं दात फुटलेले असतात. भावंडांशी खेळताना किती जोरानं चावायचं हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं पोरांच्या हाताला जोरात धरतं, आणि आपण म्हणतो जातच खराब. वरून आपण गाईचं दूध पाजतो, ते पुष्कळांना पचत नाही, हगवण लागते.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. तो नियम पैदास करणाऱ्यांसाठी आहे, पण पिल्लू यार्डातलं असो नाहीतर हजारोंचं, पोट सारखंच. "तीस दिवसांचं आहे, एकदम प्युअर" म्हणून विकणाऱ्याकडं पाठ फिरवा.

आता रोगाचं. पार्व्हो म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण. लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून पिल्लू मेलं त्या जागेवर लगेच दुसरं लहान आणणं म्हणजे तेही घालवणं. तीन-चार महिन्यांचं पिल्लू यातून निदान काही अंशी तावून निघालेलं असतं. लस मात्र त्यालाही द्यायचीच.

आता लळ्याचं. पिल्लू माणसाला, गाईगुरांना, आवाजाला सरावतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत. रानात एकटं वाढलेलं, माणूस न बघितलेलं चार महिन्यांचं पिल्लू असेल तर ते अवघडच जातं, हे मी मान्य करतो. पण यार्डातलं पिल्लू जन्मापासून हमाल, तोलणार, आडते, ट्रकचे हॉर्न, चहावाल्याची पोरं यांच्यातच वाढलेलं असतं. त्याचा सराव झालेला असतो, शिकायचं राहतं ते फक्त शेळ्या-कोंबड्यांचं. पहिले दोन महिने दावणीजवळ बांधा, नजरेसमोर ठेवा, मोकळं सोडू नका.

शिवाय मोठ्याचा स्वभाव दिसतो. हाक मारल्यावर येतं का, खाताना गुरगुरतं का, आवाजाला दचकून किती वेळात सावरतं, हे बघता येतं. महिन्याच्या गोळ्यात काय दिसणार?

बैल घेताना आपण दात बघतो ना? इथंही बघा. आठ आठवड्यांचं झालं की दुधाचे दात आलेले असतात. पुढचे दात पडायला लागले की समजा चार महिन्यांच्या आसपास. कानाला कट असलेलं मोठं कुत्रं उचलू नका. त्याची नसबंदी करून त्याला त्याच जागी सोडलेलं असतं, ते तिथंच राहू द्या.

काही जण म्हणतील, आम्हाला बिबट्यासाठी पाहिजे. दादा, कुत्रं भुंकून सावध करतं, बिबट्याला अडवत नाही. उलट उसाच्या पट्ट्यात कुत्रं हेच बिबट्याचं खाणं झालंय. लहान असो, मोठं असो, रात्री जाळीच्या आतच ठेवा.

शेवटचं. पिल्लू धरताना चावलं तर "लहानच आहे" म्हणून सोडू नका, पिल्लालाही रेबीज असू शकतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा, चुना-हळद लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

पुढच्या खेपेला गाळ्यामागं वाकाल तेव्हा डोळे नीट न उघडलेलं आईजवळ ठेवा. शेपटी हलवत मागं येणारं आणा.