वजन कुणाचे?

सांधेदुखीवर ‘वजन कमी करा’ हा सल्ला शास्त्रशुद्धच आहे. शरीराचे एक किलो उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो; वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर शहरातल्या पुष्कळांचे गुडघे सुखावतात ते यामुळेच.

बीडच्या ऊसतोड बाईच्या गुडघ्यांवरचे वजन मात्र तिच्या अंगाचे नसते. ते डोक्यावरच्या मोळीचे असते, आणि ती घेऊन ट्रकवर चढायचे असते. शस्त्रक्रिया तिच्याही वाट्याला येते, पण गर्भपिशवी काढण्याची. पाळीपायी खाडा पडायला नको, हे त्यामागचे एक कारण. २०१९ साली शासनाच्या समितीने घेतलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सोबत अंडाशयही गेले तर इस्ट्रोजेन आटते, हाडे विरळ होतात, सांधे अकाली दुखू लागतात. मोळी तेवढीच राहते.

आपल्या समीक्षेत ‘देह’ हा शब्द हल्ली फार सैलपणे फिरतो. ‘देहाचे राजकारण’ असे लिहिताना त्या देहावर वजन कुणाचे, हे विचारले जात नाही. ऊसतोडीच्या साहित्यावरील जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात कोयता प्रतीक म्हणून वारंवार येतो, गुडघा क्वचितच. प्रतीक व्हायला तो बहुधा फारच दुखतो.