गुलामांच्या मुलांचें हायस्कूल

"शेतकऱ्याच्या पोराला बीजगणित काय करायचें? त्याच्या हाताला काम शिकवा, म्हणजे चार पैसे तरी मिळवील." हें बोलणें हल्लीं आमच्या खेड्यांतून फार ऐकूं येतें. बोलणारे बहुधा शिकलेसवरलेले गृहस्थ असतात आणि त्यांचीं स्वतःचीं मुलें शहरांत बीजगणितच शिकत असतात. ती गोष्ट मात्र ते त्या वेळीं सांगत नाहींत. आमचा भोळा बाप मान डोलावतो. सुतार म्हणतो, खरेंच आहे, रंधा तर घरांतच पडला आहे. म्हणून एका दूरदेशच्या शाळेची हकीकत आज वाचकांपुढें ठेवतों. हाच वाद तेथें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं झाला, आणि पुढें काय घडलें तें आज सर्वांस पाहतां येतें.

ही शाळा अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन शहरांत आहे. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या भल्या लोकांस अर्पण केलें, हें आपणांस ठाऊक आहेच. त्याच्या तीनच वर्षें आधीं, १८७० सालीं, ही शाळा निघाली. वॉशिंग्टनांतील गुलाम १८६२ सालीं सुटले होते व साऱ्या देशांतले १८६५ सालीं. म्हणजे कालपरवांपर्यंत जीं माणसें गुरांसारखीं विकलीं जात होतीं, त्यांच्या मुलांसाठीं हें हायस्कूल. इमारत नव्हती, एका ख्रिस्ती देवळाच्या तळघरांत वर्ग भरूं लागले. काळ्या मुलांकरितां सरकारी खर्चानें चाललेलें अमेरिकेंतलें हें पहिलें हायस्कूल होय. १८९१ सालीं तिला एम स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर जागा मिळाली, आणि १९१६ सालीं मोठी इमारत झाली तेव्हां पॉल लॉरेन्स डनबार ह्या कवीचें नांव शाळेस दिलें गेलें. त्या कवीचे आईबाप दोघेही गुलामगिरींत वाढलेले.

तेथें शिकवीत काय? लॅटिन, फ्रेंच, जर्मन, बीजगणित, भूमिति, पदार्थविज्ञान, रसायन, इतिहास. लॅटिन म्हणजे त्यांच्याकडची संस्कृतच समजा. ती थोरामोठ्यांच्या मुलांनींच शिकावयाची असा तिकडेही समज. शिवाय मुलांची पलटणीसारखी कवाईत होत असे. त्या कवाईतींतला बेंजामिन डेव्हिस हा मुलगा पुढें १९४० सालीं अमेरिकन फौजेंतला पहिला काळा जनरल झाला. १८९९ सालीं शहरांतील हायस्कुलांची एकच परीक्षा घेतली, तेव्हां गोऱ्यांच्या तीन शाळांपैकीं दोन शाळा ह्या शाळेच्या मागें पडल्या!

ह्याचें इंगित शिक्षकांत आहे. काळा मनुष्य कितीही विद्वान असो, गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यास अध्यापकाची जागा मिळत नसे. मग ते विद्वान ह्या शाळेंत मास्तर होत. इतिहासकार कार्टर वुडसन हार्वर्डचे डॉक्टर. ते येथें शिकवीत. १९२१ सालीं अमेरिकेंत पहिल्या तीन काळ्या स्त्रिया डॉक्टर झाल्या, त्यांतल्या दोघी ह्याच शाळेंतल्या शिक्षिका. आणि राजधानींत काळ्या व गोऱ्या शिक्षकांस पगार सारखा होता. आम्हां मास्तर लोकांस ही शेवटची गोष्ट जरा अधिक गोड लागते, पण ती तेवढ्यासाठीं सांगितली नाहीं. ज्या शाळेंत चांगला माणूस टिकतो तेथेंच मूल टिकतें.

१९०२ सालीं अ‍ॅना ज्युलिया कूपर ह्या बाई हेडमिस्ट्रेस झाल्या. त्या स्वतः गुलाम म्हणून जन्मलेल्या. त्या काळीं बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या मताचा मोठा बोलबाला होता: काळ्यांनीं आधीं हातचे धंदे शिकावेत, बाकीचें मागाहून येईल. ह्या गृहस्थांची निंदा करण्याचें कारण नाहीं. टस्कीगीची त्यांची शाळा विद्यार्थ्यांनीं स्वतः विटा भाजून बांधली, हें थोर काम आहे. पण गोऱ्या अधिकाऱ्यांनीं त्यांचें बोलणें सोयीनें उचललें, आणि काळ्या मुलांस हलका अभ्यासक्रम पुरे असें ठरवूं लागले. कूपरबाईंनीं तें ऐकलें नाहीं. त्यांनीं मुलें तयार करून थेट हार्वर्ड, ब्राउन, ओबर्लिन येथें धाडलीं. १९०६ सालीं बाईंची जागा गेली. लक्षांत घ्या, धंदेशिक्षणाची निराळी शाळा त्याच शहरांत १९०२ पासून चालू होती व ती बंद करा असें त्यांचें म्हणणें नव्हतें. सर्व काळ्या मुलांस एकाच दारांतून हांकूं नका, एवढेंच. बाई १९१० सालीं साध्या शिक्षिका म्हणून परत आल्या आणि साठी उलटल्यावर, १९२५ सालीं, पॅरिसच्या विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या.

आतां फळ पाहा. ह्याच शाळेंतला चार्ल्स ह्यूस्टन वकील झाला, आणि काळ्यांच्या निराळ्या शाळांविरुद्धच्या लढ्याची आंखणी त्यानें केली. थर्गुड मार्शल हा त्याचा शिष्य. ह्यूस्टन १९५० सालीं वारला. १७ मे १९५४ रोजीं न्यायालयानें निराळ्या शाळा बेकायदा ठरविल्या तें पाहण्यास तो उरला नाहीं. रक्तद्रव साठविण्याची रीत सुधारणारा डॉक्टर चार्ल्स ड्रू हाही येथलाच. ह्या दोघांच्या हातीं चौदाव्या वर्षीं नुसता रंधा दिला असता तर?

दुसरी बाजू लपवूं नये. ही शाळा सर्वांची नव्हती. कारकून, शिक्षक अशा बऱ्या घरचीं मुलेंही तेथें पुष्कळ. १९५४ नंतर ती आसपासच्या गरीब वस्तीची शाळा झाली. तेव्हां तोच अभ्यास, तसेच शिक्षक त्या मुलांस द्यावयाचे. तें राहिलें बाजूला! १९५६ पासून शहरांतल्या हायस्कुलांतून मुलांचे चार वर्ग पाडण्यांत आले, आणि गरीब काळीं मुलें खालच्या वर्गांत कोंबलीं गेलीं. १९६७ सालीं न्यायालयानें ही वांटणी रद्द केली, पण मधलीं मुलें मोठीं होऊन गेलीं होतीं. जुनी इमारत पाडली गेली. आजची इमारत २०१३ सालीं उघडली. शाळा चालू आहे, जुनी कीर्ति परतलेली नाहीं.

आमच्याकडे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आठवीपाशीं थांबतो. नेमकें त्याच वळणावर शहाणे लोक भेटतात आणि पोराला धंदा लावा म्हणतात. २०२० च्या धोरणांत सहावीपासून हस्तकौशल्याची ओळख सांगितली आहे. ती खुशाल असो. जोतीरावांनींही १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें शाळेंत शेतीचें ज्ञान मागितलें होतें. परंतु सुतारकाम शिकवावयाचें तर तें वकिलाच्या मुलासही शिकवा, आणि बीजगणित सुताराच्या मुलीसही. पुढच्या पालकसभेस जाल तेव्हां, बंधूंनो आणि भगिनींनो, रंगरंगोटी व ध्वजस्तंभ ह्यांची चौकशी मागाहून करा. नववीला गणित कोण शिकवितो, विज्ञानाची जागा केव्हांपासून रिकामी आहे, आणि आठवीनंतर गांवांतलीं किती मुलें व किती मुली घरीं बसल्या, हें आधीं विचारा, आणि उत्तर लेखी मागा.