६९ बळी आणि मातीचे भांडे

विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने २०२४-२५ च्या रणजी स्पर्धेत ६९ बळी घेतले. एका मोसमातला हा विक्रमच! आम्हा वर्धेकरांना अभिमान वाटला, आणि चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू आठवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी टिपले. परंतु पुण्यात सहकारी आत चहा घेत, बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाने त्यांना कर्णधार कधीच नेमले नाही.

मग तुलना कशी करावी? हर्षचे कष्ट खरेच. पण नुसती जमेची बाजू पाहून ताळेबंद जुळत नाही, हे आम्ही कारकून जाणतो. पोरांना हर्षचे ६९ बळी सांगाल, तेव्हा बाळूंच्या त्या भांड्याचीही गोष्ट सांगा.