आधी मृत्यूचा दाखला, मग पुनरुज्जीवन

दोन वर्षांपूर्वी एका नदीकाठ प्रकल्पाची माहितीपुस्तिका मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. प्रकल्प ना मी राहते त्या पुण्यातला, ना माझ्या माहेरच्या जबलपूरचा. पैसे बरे होते, मुदत चार दिवसांची. मूळ इंग्रजीत तीन शब्द पानोपानी येत होते. पहिल्यासाठी मी 'पुनरुज्जीवन' लिहिलं, दुसऱ्यासाठी 'सुशोभीकरण', तिसऱ्यासाठी 'अतिक्रमण'. कोशाप्रमाणे तिन्ही बरोबर. नदी माझी नव्हती, त्यामुळे हात कुठे अडला नाही. काम वेळेत दिलं, पैसेही आले.

गेल्या हिवाळ्यात जबलपूरला गेले, तर ग्वारीघाटाविषयी बोलताना घरचे, शेजारचे, रिक्षावाले हेच शब्द वापरत होते. घाटाचा कायापालट व्हायला हवा, अहमदाबादसारखा रिव्हरफ्रंट हवा, उज्जैनसारखा कॉरिडॉर हवा. ते ऐकताना मला माझ्या अनुवादाची लाज वाटली. कोश चुकला नव्हता. मी त्या शब्दांना काहीच विचारलं नव्हतं, ही माझी चूक.

आता विचारते. पुनरुज्जीवन करायचं तर आधी काहीतरी मेलेलं असावं लागतं. ग्वारीघाटाच्या मृत्यूचा दाखला कुणी दिला? २०१७ साली मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला जिवंत अस्तित्व मानणारा ठराव संमत केला. मग तिच्याच काठावरचा घाट मेलेला कसा?

पहाटे जाऊन बघा. अंधारातच स्नानं सुरू असतात. परिक्रमावासी थंडीत कुडकुडत कमंडलू भरतात; त्यांत मराठी बोलणारे हमखास भेटतात. एका कडेला मुंडन चालू, दुसरीकडे सत्यनारायणाची कथा, जरा पुढे पिंडदान. नावाडी पलीकडच्या गुरुद्वाऱ्यात जाणारी माणसं भरतात. आरतीच्या वेळी बायका पानांच्या दोन्यांत दिवे विकतात. 'दोना' म्हणजे आपला द्रोण. या एका काठावर बारसं, भाकरी आणि बारावं एकाच दिवशी चालतं. माझ्या आजीला गोंदियाहून नव्याने लग्न होऊन येताना नॅरोगेज गाडीतून पहिल्यांदा नर्मदा दिसली आणि पदराच्या गाठीतलं नाणं तिने खिडकीतून पाण्यात टाकलं. ती छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, शहरातलं तिचं हाऊबाग स्टेशनही गेलं. बाबांच्या अस्थी आम्ही ग्वारीघाटावरच सोडल्या. नावाड्याने पैसे ठरवले, मध्यधारेत नाव थांबवली आणि तोंड फिरवून बसला. आम्हाला रडता यावं म्हणून. हे कुठल्या आराखड्यात कसं दाखवणार?

शहराचं मध्य कुठे असतं, हाही प्रश्न यात आहे. नकाशावर विचाराल तर जबलपूरचं मध्य म्हणजे गोलबाजार, बडा फुहारा, त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत १९३९ साली उभं राहिलेलं कमानिया गेट. ग्वारीघाट तिथून दूर, दक्षिणेच्या टोकाला. पण जन्माला आलं की, मेलं की, परीक्षा पास झालं की, नवी गाडी घेतली की शहर कुठे जातं? घाटावर. लोकांनी स्वतःच्या पायांनी ठरवलेलं मध्य ते हेच. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत जबलपूरचं नाव आलं. त्या योजनेच्या भाषेत शहर एकरांत मोजलं जात होतं: सुधारणा करायची तर किमान ५०० एकर, पाडून पुन्हा बांधायचं तर ५०, मोकळ्या जमिनीवर नवं वसवायचं तर २५०. एकरांत मोजलेल्या शहरात दोन्यांची टोपली घेऊन बसलेल्या बाईची चार फूट जागा दिसतच नाही. दिसली तर तिचं नाव अतिक्रमण. तिची आजीही तिथेच बसत असेल, आणि काल आलेल्या पोलादी रेलिंगला मात्र कुणी अतिक्रमण म्हणत नाही.

आदर्श म्हणून साबरमती दाखवली जाते, तेव्हा तर हसावं की रडावं कळत नाही. अहमदाबादच्या काँक्रीटच्या काठांमध्ये जे पाणी झळकतं, ते मुख्यतः कालव्यातून आणलेलं नर्मदेचं पाणी आहे. म्हणजे आमच्या नर्मदेने आता स्वतःच्याच उसन्या पाण्याची नक्कल करायची! शिवाय तिथल्या काठावरून दहा हजारांहून अधिक कुटुंबं उठवली गेली. त्यांतल्या अनेकांना घरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याच आराखड्याचे वास्तुविशारद बिमल पटेल यांच्या संस्थेने पुण्याच्या मुळा-मुठेसाठी ४४ किलोमीटरचा आराखडा केला. प्रत्येक नदीला एकच मजकूर. आमच्या धंद्यात सगळ्या लेखकांना एकाच आवाजात बोलायला लावणाऱ्या अनुवादकाला वाईट अनुवादक म्हणतात. नगररचनेत त्यालाच पुढचं शहर मिळतं.

यावर ठरलेला प्रश्न येतो: मग काय, घाण तशीच ठेवायची? गरिबीवर प्रेम करायला तुम्हाला पुण्यात बसून काय जातं? प्रश्न रास्त आहे. घाटावर मला किळस येते, हे मी लपवत नाही. प्लॅस्टिक, सडलेली फुलं, पायऱ्यांवरचं शेवाळ, आणि या सगळ्यांहून वाईट म्हणजे शहराचं सांडपाणी घेऊन येणारे नाले. बायकांना ओले कपडे बदलायला धड आडोसा नसतो, म्हातारी माणसं पायऱ्यांवरून घसरतात. हे बदलायलाच हवं. पण मग नाल्यापासून सुरुवात करा. सांडपाण्याची वाहिनी जमिनीखाली असते, तिचा फोटो निघत नाही, तिची फीत कापता येत नाही. म्हणून दिवे आधी लागतात आणि नाला नंतर कधीतरी. रोषणाईत तेच पाणी अधिक सुंदर दिसतं, एवढाच फरक.

जबलपूरने ही चूक एकदा केलेली आहे. गोंडांच्या काळापासून या शहरात बावन तलाव होते असं जुनी माणसं सांगतात. राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावं आजही पत्त्यात लिहितो. एकेक तलाव आटला, बुजवला, त्यावर वस्ती चढली. ज्या गल्लीत माझ्या आत्याचं घर आहे, तिच्या नावात तलाव आहे आणि नळाला पाणी एक दिवसाआड. शब्द तेवढा उरला, अर्थ भराव घालून बुजवला. तेव्हाही त्याला विकासच म्हणाले असतील.

आणि उठवलेली माणसं जातात कुठे? वर बरगी धरण झालं तेव्हा १६२ गावं बाधित झाली. अमृतलाल वेगड १९७७ साली जबलपूरहून मंडल्याकडे ज्या काठाने चालत गेले, त्यातला बराचसा पाण्याखाली गेला. त्यांच्या पुस्तकामुळे तो वाचकांसाठी तरी राहिला. गावांतली अनेक माणसं जबलपुरात आली, सायकलरिक्षा ओढू लागली, मिळेल तिथे झोपडं टाकून राहिली. नदीने नव्हे, नदीवरच्या योजनेने उठवलेल्यांना त्याच नदीच्या दुसऱ्या योजनेने पुन्हा उठवायचं, हा कुठला न्याय?

माझं म्हणणं साधं आहे. आधी नाले वळवा आणि शुद्ध करा. तोवर काठावर सिमेंटची एक पाटीही पडू नये. नावाडी, दिवेवाल्या, न्हावी, फुलवाले यांची मोजणी करून त्यांना जागेचा लेखी हक्क द्या, आणि तो काम सुरू होण्यापूर्वी द्या. आडोसे बांधा, पायऱ्या नीट करा, रात्री पुरेसा उजेड ठेवा. आराखडा घाटावर टांगा, नावाड्याला वाचता येईल अशा हिंदीत. 'अतिक्रमण' लिहायचं असेल तिथे माणसाचा धंदा आणि तो तिथे किती वर्षं बसतो ते लिहा. मग बघू, किती जणांना त्यावर सही करवते.

मीही एक ठरवलं आहे. असं काम पुन्हा आलं, तर 'पुनरुज्जीवन' लिहिण्याआधी विचारीन: मेलं कोण, केव्हा, आणि दाखल्यावर सही कुणाची? काम हातचं जाईल बहुतेक. गेल्या वेळचे पैसे मी खर्च करून बसले आहे, ते परत करता येणार नाहीत. हा लेख त्या अनुवादाचं शुद्धिपत्र समजावं.