वेगवान खलनायकाची फुरसत

ज्याला पळून कोणी गाठू शकत नाही अशा नायकाला तोलामोलाचा प्रतिपक्षी कोठून आणावयाचा, ही अडचण अमेरिकेतील चित्रकथाकारांपुढे 1956 सालीच उभी राहिली होती. त्या वर्षी डीसी कॉमिक्सच्या ‘शोकेस’ या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात, ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकाच्या देखरेखीखाली, ‘फ्लॅश’ हे 1940 सालापासूनचे जुने नाव एका नव्या इसमास बहाल करण्यात आले. बॅरी ॲलन नावाचा, पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा आणि भेटीची वेळ कधीही न पाळणारा हा तरुण, वीज कोसळून अंगावर उडालेल्या रसायनांमुळे जगातील सर्वांत वेगवान मनुष्य झाला. त्याच्यासमोर लेखकांनी प्रथम जे गुन्हेगार आणले, त्यांत गारठा फेकणारी बंदूक बाळगणारा कॅप्टन कोल्ड होता, आरशांच्या करामती करणारा मिरर मास्टर होता, आणि मनोबलाने इतरांना अंकित करणारा ग्रॉड नावाचा गोरिलाही होता. ही मंडळी रंजक होती यात शंका नाही; परंतु जो मनुष्य निमिषार्धात शहर ओलांडतो त्याच्यावर बंदुकीचा चाप ओढण्यास या सद्‌गृहस्थांना अवधी मिळतोच कसा, हा प्रश्न वाचकाने सौजन्यपूर्वक मनातच ठेवावा, अशी त्या कथांची मूक अट असे.

ही अट जॉन ब्रूम या लेखकाने आणि कार्माइन इन्फँटिनो या चित्रकाराने 1963 च्या सप्टेंबरात, ‘द फ्लॅश’च्या 139 व्या अंकात, रद्दबातल केली. विसाव्या शतकाची ओळख भावी पिढ्यांना पटावी म्हणून काही वस्तू भरून एक पेटी भविष्यकाळात पाठविली जाते, आणि तीत फ्लॅशचा एक पोशाखही असतो. तो पोशाख पंचविसाव्या शतकातील एका गुन्हेगाराच्या हाती लागतो, व त्यातील वेगाचा अवशिष्ट अंश यंत्राने वाढवून तो फ्लॅशइतकाच वेगवान होतो. पेटीतील अणुघड्याळ बाँबप्रमाणे फुटणार असे उघडकीस आल्यामुळे फ्लॅशला तिच्या पाठोपाठ भविष्यात धाव घ्यावी लागते, आणि तेथे त्याची गाठ पडते ती आपल्याच आकृतीशी, केवळ रंग उलटे केलेल्या. नायकाचा पोशाख लाल व त्यावरील वीज पिवळी. याचा पोशाख पिवळा व वीज लाल. प्रोफेसर झूम, रिव्हर्स-फ्लॅश, आणि पुढे ठरलेल्या खऱ्या नावाने इओबार्ड थॉन, तो हाच. स्वस्त कागदावर मोजक्या शाईंत छापल्या जाणाऱ्या पुस्तकास इतक्या अल्प खर्चात इतका प्रभावी शत्रू क्वचितच लाभला असेल. इन्फँटिनोचा वाटा येथे लेखकाहून कमी मानता येत नाही. कारण मुळात निश्चल असलेल्या कागदावर वेग भासविण्यासाठी त्याने आडव्या, पसरट चौकटी आणि धावणाऱ्याच्या मागे उरणाऱ्या रेषा यांची जी पद्धती बसविली होती, तीच आता दोन देहांना लागू होताच पानावर खरी झुंज दिसू लागली.

परंतु वेगाच्या या बरोबरीत या खलनायकाचे वैशिष्ट्य सामावले आहे असे मला वाटत नाही. ज्याचा वेग आपल्यापेक्षा सहस्रपटींनी अधिक, त्याच्या वाट्याला आलेला एक दिवसही आपल्यापेक्षा सहस्रपटींनी दीर्घ असतो; म्हणजे अशा मनुष्याच्या हाती येणारी खरी संपत्ती ही वेळेची असते. बॅरी ॲलन ती परोपकारात खर्च करतो आणि तरीही भेटीला उशिरा पोचतो. थॉनपाशी तेवढाच वेळ आहे, शिवाय काळाच्या प्रवाहात मागेपुढे जाण्याची मुभा आहे. तो साम्राज्य उभारू शकला असता, एखादे शास्त्र आमूलाग्र बदलू शकला असता. ही सारी अपरंपार फुरसत तो केवळ एका माणसाचा द्वेष करण्यात घालवितो. वैकुंठाच्या द्वारपालांपुढे, सात जन्म भक्त म्हणून काढावे की तीन जन्म शत्रू म्हणून, असा पर्याय आला तेव्हा जय-विजयांनी वैराचा जवळचा रस्ता पत्करला, ही कथा आपल्याकडे कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. विरोधातूनही अखंड चिंतन घडते हे त्या कथाकारांना ठाऊक होते. फरक एवढाच की, थॉनला वैराचा दीर्घ रस्ताही चालतो, कारण त्याची मुदत कधी संपतच नाही.

या द्वेषाला लेखकांनी प्रथम जे रूप दिले ते काहीसे ढोबळ होते. बॅरीच्या पत्नीवर, आयरिसवर, त्याचा डोळा. तिने नकार देताच 1979 साली तो तिचा जीव घेतो. आणि 1983 साली बॅरी पुन्हा विवाहास उभा असता नववधूचाही तोच शेवट करण्यास धावून येतो. त्या क्षणी बॅरी त्याला मागून मानेस धरतो आणि मान मोडते. येथून जो खटला सुरू झाला तो ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, अंकामागून अंक चालला. आरोप, साक्षी, तहकुबी, पंचांचा निकाल असा कचेरीचा सारा संथ कारभार त्रिभुवनातील अतिवेगवान पुरुषाच्या नशिबी आला, आणि 350 व्या अंकात त्याची निर्दोष मुक्तता होते न होते तोच मासिकही बंद पडले. पुष्कळांना हे प्रकरण कंटाळवाणे वाटले, व ते अगदीच अन्याय्य नव्हते; तथापि मेलेल्या शत्रूने नायकाची दोन वर्षे खाल्ली ही गोष्ट मला त्या खलनायकाच्या स्वभावाशी विलक्षण सुसंगत वाटते.

त्याचे मन मात्र उलगडले ते 1993 साली, मार्क वेड या लेखकाच्या हातून. तोवर बॅरीचा 1985 च्याच एका महासंग्रामात अंत झाला होता आणि त्याच्या पत्नीचा भाचा व त्याचा शिष्य वॉली वेस्ट फ्लॅशचा वारसा चालवीत होता. अशा वेळी बॅरी अचानक परत येतो. लोक आनंदतात, वॉली तर कृतार्थ होतो. पण हळूहळू या परतलेल्या गुरूच्या वागण्यात असूया, मग क्रौर्य दिसू लागते, आणि अखेर समजते की हा बॅरी नव्हेच, हा तरुण वयातील थॉन आहे. बॅरीच्या भक्तीने वेडावलेल्या या तरुणाने शस्त्रक्रियेने चेहरासुद्धा त्याच्यासारखा करून घेतला होता, आपल्या दैवताच्या दर्शनासाठी शतके ओलांडली होती. आणि पोचला तो काही वर्षे उशिरा, जेथे दैवत नव्हते व त्याच्या नावाचे संग्रहालय तेवढे होते. त्या संग्रहालयात त्याला हेही कळले की, आपण पुढे याच दैवताचे परमशत्रू होणार व त्याच्याच हातून मरणार. हे ज्ञान सोसवेना म्हणून त्याने आपण बॅरीच आहोत असे मानण्याचा मार्ग धरला. चित्रकथांच्या वाङ्मयात खलपुरुषाच्या उत्पत्तीची इतकी करुण व इतकी विश्वसनीय कैफियत मला दुसरी आठवत नाही. येथे त्याला कोणी छळलेले नाही, लुटलेले नाही. ज्याच्यावर आपण जीव ओवाळून टाकला त्याच्या चरित्रात आपली जागा कोणती, एवढेच त्याने वाचले आहे.

दहा वर्षांनी जेफ जॉन्स या लेखकाने आणखी एक झूम निर्माण केला, तोही विचारात घेण्याजोगा आहे. हंटर झोलोमन हा पोलीस खात्यातील गुन्हेगार-मनाचा अभ्यासक, वॉलीचा मित्र. ग्रॉडच्या हल्ल्यात तो पंगू होतो व काळात मागे जाऊन तो प्रसंग टाळण्याची विनंती वॉलीला करतो. वॉली नकार देतो, कारण काळाशी खेळ करणे त्याला मान्य नाही. झोलोमन स्वतः तो प्रयत्न करतो, स्फोट होतो, आणि त्यातून जी शक्ती मिळते ती वेगाची नसतेच: काळाशी असलेले त्याचे स्वतःचे नातेच बदलून जाते, आणि जग त्याच्यापुरते थबकते. ज्याने दुःख भोगले नाही तो उत्तम रक्षक होऊ शकत नाही, अशी ठाम समजूत करून घेऊन तो मित्राला दुःखाचे धडे देण्यास निघतो व त्याच्या गर्भवती पत्नीवर आघात करतो. उपकार करीत आहोत या निष्ठेने केलेला अत्याचार कसा दिसतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी हा झूम अवश्य पाहावा.

याच जॉन्स महाशयांवर माझा मोठा आक्षेप आहे. 1950 ते 1980 च्या दशकांतील कथांत बॅरीचे आईवडील वृद्ध, सुखरूप आणि किंचित कंटाळवाणे असे होते. 2009 साली जॉन्स यांनी असे ठरविले की, थॉनने भूतकाळात शिरून बॅरीच्या बालपणीच त्याच्या आईचा वध केला, व त्या खुनाचा ठपका वडिलांवर आला. पुढे तर नायकाच्या आयुष्यातील बारीकसारीक इजासुद्धा थॉननेच मागे जाऊन घडविल्या, असा खुलासा झाला. समर्थक म्हणतात की, यामुळे वैर अधिक गहिरे झाले. मला उलट वाटते. बॅरी हा सूडासाठी नायक झालेला नव्हता. एका वादळी रात्री वीज योगायोगाने कोसळली, आणि एका कुतूहली, सज्जन माणसाने त्या योगायोगाचे सोने केले, यातच त्याची शोभा होती. आईच्या खुनाची फिर्याद त्याच्या चरित्रात घालून त्याला बॅटमनच्या रांगेत बसविले गेले, आणि खलनायकाला सर्व दुःखांचे कर्तृत्व बहाल केल्यामुळे दैव नावाची जी वस्तू कथेत होती ती बरखास्त झाली. शिवाय जो सर्वत्र आहे, सर्व करतो, तो शत्रू राहत नाही, तो लेखकाच्या सोयीचा कारकून होतो. जेथे कारण सापडत नाही तेथे त्याची सही.

गंमत अशी की, हीच बदललेली हकीकत घेऊन 2014 ते 2023 या काळात जी दूरचित्रवाणी मालिका चालली, तिच्या पहिल्या पर्वाने मात्र या पात्राचे ऋण बरेचसे फेडले. तेथे आईचा खून केल्यानंतर थॉनचा वेग नाहीसा होतो आणि तो आपल्या काळापासून दूर, 2000 सालात अडकून पडतो. परत जाण्यास त्याला फ्लॅशचाच वेग हवा, आणि फ्लॅश तर अजून अजाण बालक आहे. तेव्हा एका शास्त्रज्ञाला मारून, त्याचे रूप व नाव धारण करून, प्रयोगशाळा उभारून तो सुमारे पंधरा वर्षे त्या मुलाच्या मोठा होण्याची वाट पाहतो, आणि मग त्याला जिव्हाळ्याने शिकवितो, सावरतो, पळावयास लावतो. टॉम कॅव्हॅना या नटाने ही भूमिका अशी काही केली की, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या त्या सौम्य गुरुजींचे वात्सल्य खरे की कावा, याचा निर्णय प्रेक्षकाला देता येत नाही. आणि मला तर वाटते, तो खुद्द थॉनलाही देता आला नसावा.