मुदतीचा पत्ता : काटेकोरपणा कोठे हवा?

इंटरनेटसारख्या जाळ्यात सामील होणाऱ्या प्रत्येक संगणकास एक अंकात्मक पत्ता लागतो. हा पत्ता बहुधा कायमचा नसतो. सर्व्हर, म्हणजे वितरक संगणक, तो ठराविक मुदतीसाठी देतो आणि मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून घेणे हे ग्राहक संगणकातील आज्ञावलीचे काम असते. 'डीएचसीपी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या देवघेवीचे आज रूढ असलेले नियम राल्फ ड्रोम्स यांनी १९९७ साली लिहिले.

समजा, मुदत २४ तासांची आहे. वितरकाने वेगळे सांगितले नसेल, तर निम्मी मुदत, म्हणजे १२ तास, उलटताच ग्राहक त्याच वितरकाकडे वाढ मागतो. ती न मिळाल्यास सात-अष्टमांश मुदतीनंतर, म्हणजे २१ तासांनी, तो जाळ्यातील कोणत्याही वितरकाकडे मागणी करतो. आता एखाद्या वितरकाने चुकून 'मुदत २४ तास, पहिली मागणी ३० तासांनी' असे कळविले, तर काय करावे? अतिकाटेकोर आज्ञावली हा विसंगत आकडा पाहताच पत्ताच नाकारील. चूक वितरकाची, पण जाळ्याबाहेर राहील तो ग्रंथालयातील वाचक, ज्याच्या हाती ती सुधारण्याचा उपायच नाही.

आमच्या मते येथे तपासणी शिथिल करणेच योग्य होय. चुकीचा आकडा सोडून द्यावा आणि १२ व २१ तासांचे नेहमीचे गणित लावावे. त्याने कोणाचेही नुकसान होत नाही. मूळ मुदतीबाबत मात्र तिळमात्र सवलत नको. २४ तासांनंतर वितरक तोच पत्ता दुसऱ्यास देऊ शकतो आणि एका पत्त्यावर दोन संगणक आले, तर दोघांचेही दळणवळण बिघडते.

पाठविताना काटेकोर व स्वीकारताना उदार असावे, असे तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० साली मांडले होते. अशा औदार्याने चुका झाकल्या जाऊन कालांतराने रूढ होतात, असा इशारा इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २०२३ साली दिला. तो रास्तच आहे. म्हणून आज्ञावलीने चूक पोटात घालावी, पण लपवू नये. प्रत्येक विसंगतीची नोंद ठेवावी, म्हणजे जाळ्याच्या व्यवस्थापकास ती दिसेल व वितरकाची दुरुस्ती होईल. वाचकाचे काम मात्र तोवर अडून राहता कामा नये.